तेरा-बारा, आपण मागे

क्लेमचे प्रश्न तीनच असत. आज वार कोणता, समोर कोण खेळतंय आणि गुण किती.

हार्मन कॉलेजच्या फुटबॉल संघाबरोबर क्लेम पर्डी चोवीस वर्षं होता. खेळाडूंच्या घोट्यांना पट्ट्या बांधायच्या, सुजलेल्या खांद्यांना तेल चोळायचं आणि सामना चालू असताना पाण्याची बादली घेऊन मैदानाच्या कडेला उभं राहायचं, हे त्याचं काम. कुणी डोक्यावर आपटला की क्लेम बादली हिंदकळत धावत जायचा, त्याच्या मानेवर स्पंज पिळायचा आणि तीन प्रश्न विचारायचा. तिन्ही उत्तरं बरोबर आली तर गडी उठून पुन्हा खेळायचा. एक जरी चुकलं तर त्या दिवसापुरता बाकावर. क्लेमनं बाकावर बसवलेला माणूस कोचसुद्धा उठवत नसे.

पण क्लेमचा उजवा कान कामातून गेलेला होता. तरुणपणी खाणीत त्याच्याजवळ सुरुंग उडाला होता. पोरांना हे ठाऊक होतं. म्हणून कुणी पडला की शेजारचा गडी त्याला उचलायच्या निमित्तानं वाकायचा, क्लेमच्या उजव्या अंगाला तोंड करायचा आणि पडलेल्याच्या कानात उत्तरं सांगायचा. याला कुणी खोटेपणा म्हणत नसे. पडलेल्याला हात द्यायचा असतो, तसंच हे. सामन्याला जाताना बसमध्ये सगळे मिळून ते घोकायचेसुद्धा, "शनिवार, बेलवुड, शून्य-शून्य," आणि क्लेम पुढच्या बाकावर खिडकीला टेकून झोपलेला असायचा.

एमिल होवान आणि रूडी बालोग हे दोघं कोल्टनचे. कोल्टन म्हणजे पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात कोळशाच्या खाणीभोवती वसलेली वस्ती, सगळी घरं कंपनीनं एका साच्यात बांधलेली. दोघांची घरं एका गल्लीत, दोघांचे बाप स्लोव्हाकियातून आलेले आणि एकाच भुयारात उतरणारे. रूडी नऊ वर्षांचा असताना भुयाराचं छत कोसळलं आणि त्याचा बाप त्याखाली गेला. त्यानंतर त्याच्या आईनं, मार्गितानं, लोकांचे कपडे धुऊन त्याला वाढवलं. एमिलची आई तिची जिवाभावाची मैत्रीण, म्हणून एमिल तिला मावशी म्हणायचा. दर नाताळाच्या आदल्या संध्याकाळी, जेवणाआधी, ती अंगठा मधात बुडवून दोघा पोरांच्या कपाळावर क्रूस काढायची. कपाळ चिकट व्हायचं आणि रूडी म्हणायचा, "आई, पुढच्या वर्षी एमिलच्या तोंडालाच लाव, म्हणजे ते बंद तरी राहील."

फुटबॉलनंच दोघांना खाणीबाहेर काढलं. लांबट चेंडू काखेत दाबून पळायचं काम रूडीचं, आणि त्याच्यापुढे धावून अंगावर येणाऱ्यांना बाजूला रेटायचं काम एमिलचं. डाव सुरू व्हायच्या आधी रूडी मागून हळूच म्हणायचा, "चल, वाट काढ." एवढंच. एमिल वाट काढायचा आणि रूडी त्या वाटेनं निसटायचा. नाव रूडीचं व्हायचं. एमिलला त्याचं काही वाटत नसे, कारण त्याचं लक्ष दुसरीकडे होतं. त्याला वैद्यकीय कॉलेजात जायचं होतं, आणि त्यासाठी हार्मनच्या डीनची शिफारस लागणार होती.

"ए डॉक्टर, पाय पुढे कर," क्लेम त्याच्या घोट्याला पट्टी बांधताना म्हणायचा. "उद्या तू माझी नाडी बघशील, आज मी तुझा पाय बघतो. फिटंफाट."

१९४१ च्या नोव्हेंबरात बेलवुडशी शेवटचा सामना होता. चार वर्षांत हार्मननं बेलवुडला एकदाही हरवलं नव्हतं. शेवटची दहा मिनिटं उरली असताना बेलवुडचे तेरा होते आणि हार्मनचे बारा. रूडी चेंडू घेऊन डाव्या बाजूनं निघाला आणि बेलवुडच्या दोघांनी त्याला उचलून आपटलं. चामड्याची टोपी डोक्यावरून उडाली. एमिल त्याच्यापाशी पोचला तेव्हा रूडी बसलेला होता आणि हातातलं गवत बघत होता.

"आपण कुठल्या बाजूला चाललोय रे?" रूडीनं विचारलं.

"त्या बाजूला. झाडांकडे."

"बरं," रूडी म्हणाला. आणि लगेच पुन्हा, त्याच आवाजात, "आपण कुठल्या बाजूला चाललोय रे?"

एमिलनं ते ऐकलं. पुढे आयुष्यभर त्याला हे नाकारता आलं नाही की त्यानं ते दोनदा ऐकलं. पण क्लेम बादली घेऊन येतच होता, कोच कडेवरून ओरडत होता, आणि रूडीवाचून त्या मैदानात चेंडू पुढे नेणारा दुसरा कुणी नव्हता. एमिल क्लेमच्या उजव्या अंगाला वाकला, रूडीच्या काखेत हात घातला आणि तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"वार कोणता?" क्लेमनं विचारलं.

"शनिवार," एमिल पुटपुटला. "शनिवार," रूडी म्हणाला.

"समोर कोण?"

"बेलवुड." "बेलवुड."

"गुण?"

"तेरा-बारा, आपण मागे." "तेरा-बारा," रूडी म्हणाला. "आपण मागे."

क्लेमनं स्पंज पिळला. रूडीच्या तोंडाकडे जरा वेळ बघत राहिला, नेहमीपेक्षा जास्त. मग त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "जा, मग पुढे जा."

शेवटच्या मिनिटाला रूडीनं चेंडू सहा गुणांच्या रेषेपार नेला. एमिलनं वाट काढली आणि रूडी त्या वाटेनं निसटला, पण अगदी शेवटच्या पावलाला बेलवुडचा एक धिप्पाड गडी डोकं खाली घालून त्याच्यावर आदळला. अठरा-तेरा. लोक मैदानात उतरले. रूडी उठून उभा राहिला, हसला, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. बसमध्ये तो खिडकीला डोकं लावून बसला. डोकं दुखतंय म्हणाला, मग झोप येते म्हणाला. एमिलनं आपला कोट गुंडाळून त्याच्या मानेखाली दिला. दोन तासांचा रस्ता होता. मागे पोरं गात होती. वाटेत कोल्टनचं वळण लागलं, तिथे एमिलनं त्याला हलवलं तेव्हा रूडी घोरत होता, पण ते घोरणं झोपेचं नव्हतं.

डॉक्टरांनी कवटी उघडली, आत साचलेलं रक्त काढलं. रूडी जगला. डाव्या कानशिलावर खळगा राहिला, उजवं अंग लुळं पडलं, आणि बोलणं गेलं ते जवळजवळ सगळंच.

कॉलेजनं चौकशी बसवली. डीनच्या खोलीत एमिल टाय लावून उभा राहिला.

"पर्डीनं प्रश्न विचारले होते?"

"विचारले होते, सर."

"बालोगनं उत्तरं दिली?"

"दिली, सर."

"बरोबर?"

"बरोबर, सर."

एकही शब्द खोटा नव्हता. डीननं आणखी काही विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायला एमिलची जीभ उचलली नाही. समोर टेबलावर त्याच्या शिफारशीचा कागद होता, अजून सही न झालेला. पण चौकशीत क्लेमच्या कानाची गोष्ट निघाली. ज्याला अर्धं ऐकू येतं त्यानं उत्तरं बरोबर ऐकली हे कशावरून, असं ठरलं. चोवीस वर्षांच्या नोकरीतून क्लेमला काढलं, आणि गावाला दोष ठेवायला माणूस मिळाला. एमिलच्या कागदावर सही झाली.

सामन्यानंतर पंधरा दिवसांनी जपान्यांनी पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले. संघातली निम्मी पोरं सैन्यात गेली. एमिललाही सैन्यानं घेतलं, पण अंगावर वर्दी चढवून वैद्यकीय कॉलेजातच ठेवलं. डॉक्टर कमी पडत होते, म्हणून शिक्षणाचा भार सरकारनं उचलला, बदल्यात पुढे नोकरी. दुसऱ्या वर्षी एका सकाळी प्राध्यापकांनी फळ्यावर कवटी काढली आणि कवटीच्या आत एक रक्तवाहिनी.

"ही फाटली," ते म्हणाले, "तरी माणूस पडतो आणि उठतो. चालतो, बोलतो, विनोद करतो. तुम्हाला वाटतं सुटला. तासभर, कधी दोन तास. तेवढ्यात डोकं उघडलं तर माणूस घरी जातो. एकच गोष्ट विचारून या जखमेचा अंदाज घेत बसू नका. त्याच्या डोळ्यांकडे बघा, आणि तो एकच प्रश्न दोनदा विचारतो का तिकडे लक्ष द्या."

सगळे लिहून घेत होते. एमिलची पेन्सिल थांबली. शेजारच्यानं कोपरानं ढोसलं, "काय रे, बरं नाही का?" एमिल म्हणाला, "नाही, ठीक आहे." त्यानं तो भाग कधीच लिहून घेतला नाही. त्याची गरजही नव्हती.

शिक्षण संपेपर्यंत युद्धही संपत आलं. त्याला कुठे पाठवायच्या आतच शांतता झाली, आणि पंचेचाळीस-सेहेचाळीसच्या सुमारास शहरात मिळत असलेली जागा सोडून त्यानं कोल्टनला येऊन दवाखाना टाकला. लोक म्हणाले, पोरगा मोठा झाला पण गावाला विसरला नाही. त्याला ते ऐकवत नसे. दर रविवारी प्रार्थना झाली की तो मावशीकडे जायचा. रूडी आता भरलेल्या पोत्यासारखा जड झाला होता. एमिल त्याला उचलायचा, आंघोळ घालायचा, दाढी करायचा, लुळा हात चोळायचा. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याला कुशीवर करायचा. मावशी चुलीपाशी कोबी चिरत बसायची.

"कसा आहेस रूडी?" एमिल विचारायचा.

"शनिवार," रूडी म्हणायचा. "बेलवुड. तेरा-बारा. आपण मागे."

कुणीही काहीही विचारलं तरी तो हेच सांगायचा. सूप हवं का, हेच. दुखतंय का, हेच. पाद्री विचारायचे, देवाला आठवतोस ना, त्यालाही हेच. पोरं गल्लीतून जाताना खिडकीत ओरडायची, "रूडी, गुण किती?" आणि मावशी झाडू घेऊन बाहेर यायची.

"आपण जिंकलो रे," एमिल त्याच्या गालाला साबण लावता लावता सांगायचा. "अठरा-तेरा. तूच जिंकून दिलास."

"मागे," रूडी म्हणायचा.

क्लेमला कोल्टनच्याच खाणीवरच्या न्हाणीघरात काम मिळालं होतं, भट्टी पेटती ठेवायची आणि फरशी धुवायची. एकदा तो मनगट मुरगळलं म्हणून दवाखान्यात आला. टोपी हातात धरून उभा.

"आता तुला अहो म्हणायचं की अरे?"

"अरेच म्हणा, क्लेम. बसा."

एमिलनं मनगट बघितलं, पट्टी बांधायला घेतली. क्लेम त्या पट्टीकडे बघत होता.

"जरा सैल होतेय," तो म्हणाला. "अंगठ्याच्या खालून ने. हां, तशी." मग, "डॉक्टर, एक विचारू? तू त्याच्या अगदी जवळ होतास. त्यानं उत्तरं दिली होती ना रे? मी बरोबर ऐकलं ना?"

पट्टीचं टोक एमिलच्या हातात होतं. दवाखान्यात दोघांशिवाय कुणी नव्हतं.

"बरोबर ऐकलंत, क्लेम."

"मलाही तसंच वाटतं," क्लेम म्हणाला. "पण कान असा आहे, की आता माझाच मला भरवसा राहिला नाही."

तो गेल्यावर एमिल दाराशी उभा राहिला. आता हाक मारावी. आता मारावी. क्लेम उतारावरून खाली जात जात वळणाआड गेला.

१९५१ च्या वसंतात सैन्याचं पत्र आलं. ज्यांचं शिक्षण सरकारनं केलं आणि ज्यांनी बदल्यात सैन्याची नोकरी केली नव्हती, त्या डॉक्टरांना आधी बोलावणं होतं. कोरियात युद्ध चालू होतं, तिथे जायचं. एमिलनं मावशीला सांगितलं. तिनं हातातला सुरा खाली ठेवला.

"किती दिवस?"

"दीड वर्ष तरी."

"मग याला उचलायचं कुणी?" ती म्हणाली. मग लगेच, "नाही, जा तू. बोलावलंय तर जायलाच हवं. मी बघते काहीतरी."

कोरियात एमिलला एका डोंगराच्या पोटात खणलेल्या बिळात बसवलं. वर लाकडाचे ओंडके, त्यावर वाळूची पोती. जखमी माणूस आघाडीवरून आधी त्याच्याकडे यायचा. रक्त थांबवायचं, मोडलेलं बांधायचं, आणि मागे मोठ्या तंबूंकडे पाठवायचं. डोकं उघडायची हत्यारं त्याच्याकडे नव्हती. त्याच्या हातात होतं ते एवढंच, की कोण आधी जाणार हे ठरवायचं.

तिथेही तेच प्रश्न होते. नाव काय, वार कोणता, आपण कुठे आहोत. सैन्याच्या कागदावर छापलेले. एमिलनं पहिल्याच आठवड्यात आपला नियम केला. डोक्याला मार लागलेला आला की त्याच्याबरोबरच्या सगळ्यांना बाहेर काढायचं, आणि असं काही विचारायचं जे कुणी पढवून ठेवलेलं नसेल. तुझ्या शाळेच्या दाराला रंग कुठला होता. तुझी आई रविवारी काय करते. त्याचा मदतनीस, सार्जंट ड्वायर, म्हणायचा, "साहेब, तुम्ही डॉक्टर आहात की लग्न जमवणारे?"

नोव्हेंबरात एका सकाळी धुकं इतकं उतरलं की बिळाच्या दारातून समोरचा खांब दिसेना. त्यातच तोफा सुरू झाल्या आणि अर्ध्या तासात सोळा जखमी आले. जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती. एमिल एकाच्या मांडीतली फाटलेली रक्तवाहिनी बोटांत धरून गुडघ्यांवर बसला होता. मागे कुणीतरी म्हणालं, "साहेब, हा टॅकेट. स्फोटानं उडाला. पण बरा आहे, चालत आलाय."

"वार कोणता विचार," एमिल मान न वळवता म्हणाला. हात सोडता येत नव्हता. बाहेर कुणाला काढायचं, तर बाहेर तोफा होत्या.

"वार कोणता रे?" ड्वायरनं विचारलं.

जरा वेळ गेला. मग, "गुरुवार."

"कुठे आहेस?"

पुन्हा तेवढाच वेळ. "टेकडी. सातशेदहा."

"ठीक आहे," ड्वायर म्हणाला. "त्या कोपऱ्यात बस. पुढचा कोण?"

आवाज एकच ऐकू आला होता, पण उत्तरापूर्वीचं ते थांबणं त्याच्या ओळखीचं होतं. दहा वर्षं तो ते झोपेत ऐकत होता. तो ओरडला, "ड्वायर, ही नस धर." त्यानं बोटं ड्वायरच्या बोटांखालून काढली आणि माणसं ओलांडत कोपऱ्यात गेला.

टॅकेट एकोणीस-वीस वर्षांचा, केंटकीच्या डोंगरातला, चेहऱ्यावर माती. त्याला खांदा देऊन बसलेला दुसरा सैनिक त्याच्या कानापासून तोंड बाजूला घेत होता. त्याचं नाव व्हीलॉक.

"बाजूला हो," एमिल म्हणाला. आणि टॅकेटला, "शाळेच्या दाराला रंग कुठला होता रे?"

टॅकेटनं त्याच्याकडे बघितलं. हसला. "आपण कुठे चाललोय?" त्यानं विचारलं. आणि मग, "आपण कुठे चाललोय?"

त्याचा डावा डोळा मोठा होऊ लागला होता.

एमिलनं त्याच्या कोटावर सगळ्यात आधी न्यायची चिठ्ठी लावली. हेलिकॉप्टर मागवलं. वायरलेसवरचा माणूस म्हणाला, धुक्यात ते उठणार नाही. जीप मागवली. एक जीप सकाळीच तीन जणांना घेऊन गेली होती, दुसरीचा रस्ता तोफांनी उडवला होता. आठ माणसांनी स्ट्रेचर खांद्यावर घेऊन डोंगर उतरायचं म्हटलं तर सहा तास. एमिलनं आठ माणसं मागितली. कमांडर म्हणाला, आठ सोडा, दोनही देता येत नाहीत, वर कुणी उरलं नाही. त्याचा आवाज रागाचा नव्हता.

मग एमिल कोपऱ्यात परत आला. त्यानं वस्तरा घेतला आणि टॅकेटच्या डाव्या कानशिलावरचे केस काढायला लागला. साबण लावला, नीट, हळूहळू काढले. धुकं उठलं तर मागच्या तंबूतल्या सर्जनांचा तेवढा वेळ वाचेल. मध्ये मध्ये उठून दुसऱ्यांना बघून यायचा, परत बसायचा. कानशील गुळगुळीत झालं. कुठे छेद द्यायचा ते त्याला बोट ठेवून दाखवता आलं असतं. धुकं तसंच होतं. दुपारी एकच्या सुमारास टॅकेट घोरायला लागला, आणि तीनच्या आत घोरणं थांबलं.

व्हीलॉक सगळा वेळ भिंतीशी बसून होता. पाव तासानं तो उठून आला.

"साहेब, उत्तरं मी सांगितली होती त्याला," तो म्हणाला. "त्याला मला सोडून मागे जायचं नव्हतं. म्हणाला, सांग काय ते, मी म्हणतो. त्यानं काही फरक पडला का?"

एमिल त्याच्याकडे बघत राहिला. पाव तास. या पोराला पाव तास लागला होता.

"नाही," एमिल म्हणाला. "मला लगेच कळलं होतं. धुकं होतं, म्हणून गेला. तुझ्यामुळे नाही."

"खरंच?"

"खरंच."

ते खरंच होतं. व्हीलॉकनं टोपीनं तोंड पुसलं आणि बाहेर गेला. एमिलला वाटलं, असं म्हणणारं कुणीतरी आपल्याला भेटावं. पण त्याच्या बाबतीत धुकं नव्हतं. लख्ख ऊन होतं, आणि मैदानापासून दोन मैलांवर हॉस्पिटल होतं. त्या दिवशी त्यानं ठरवलं, घरी गेलो की आधी क्लेमला सांगायचं, मग मावशीला.

तो १९५२ च्या डिसेंबरात परतला. क्लेम मार्चमध्ये वारला होता. एमिलच्या आईनं पत्रात लिहिलं नव्हतं, तिला ते लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं.

नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारी एमिल मावशीच्या स्वयंपाकघरात गेला. आंबवलेल्या कोबीचं नि वाळल्या अळिंब्यांचं सूप शिजत होतं. रूडी टेबलाशेजारच्या खुर्चीत पट्ट्यानं बांधलेला, अंग पूर्वीपेक्षा उतरलेलं. दीड वर्षात त्याला कुणी नीट उचललं नव्हतं. एमिलनं सदरा वर करून पाठ बघितली. हाड दिसेल एवढी जखम होती. त्यानं ती धुतली, मलम भरलं. मावशी लसूण सोलत होती.

"मावशी," तो रूडीच्या पाठीमागूनच म्हणाला, "त्या दिवशी उत्तरं मी सांगितली होती. क्लेमनं विचारलं तेव्हा. रूडीला काही कळत नव्हतं. मला दिसत होतं, तरी मी सांगितली."

मावशी लसूण सोलत राहिली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"कवटी उघडली त्यानंतर सातव्या दिवसापासून. तेव्हा याला चार-दोन शब्द यायचे. मी म्हटलं, रूडी, काय झालं रे तुला? म्हणाला, एमिलनं सांगितलं. मी म्हटलं, काय सांगितलं? तेव्हापासून तेच सांगतोय."

एमिलच्या हातात मलमाची डबी होती. ती कुठे ठेवावी ते त्याला सुचेना.

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? एकाचं डोकं गेलं होतं. दुसऱ्याचं कॉलेज घालवू? तुझ्या आईच्या तोंडाकडे कशी बघणार होते मी? म्हटलं, या गल्लीतून एक तरी भुयाराच्या बाहेर जाऊ दे."

"आणि क्लेम?"

तिनं सोललेल्या पाकळ्या बशीत ओळीनं मांडल्या.

"क्लेमचा दोष माझ्याही वाट्याला आहे. तुझ्या एकट्याच्या नाही. मयताला गेले होते मी. त्याच्या बायकोनं हात धरला माझा. म्हणाली, शेवटपर्यंत स्वतःच्या कानाला शिव्या देत होता. मी तिचा हात धरून उभी राहिले, तोंड काही उघडलं नाही."

"मला तरी सांगायचंस. इतकी वर्षं, मावशी. दर रविवारी मी इथे..."

"सांगितलं असतं तर आला असतास?"

एमिलनं रूडीचा सदरा खाली ओढला.

"तू कशासाठी येतोस ते मला कळत होतं," ती म्हणाली. "वाईट वाटायचं. पण याला उचलायला मला माणूस हवा होता रे. मी एकटी. हा एवढा जड."

सूप उकळून चुलीवर सांडलं. ती उठली, भांडं बाजूला केलं, फडकं फिरवलं. खिडकीबाहेर खाणीच्या टेकाडावर पहिली चांदणी दिसायला लागली होती, म्हणजे जेवायची वेळ झाली. तिनं मधाची वाटी घेतली, अंगठा बुडवला आणि रूडीच्या कपाळावर क्रूस काढला, खळग्याला धक्का लागणार नाही असा. मग एमिलकडे वळली. तो तसाच उभा होता. तिला हात उंच करावा लागला. मध त्याच्या भुवईपर्यंत ओघळला, आणि मलमानं माखलेल्या हातांनी त्याला तो पुसता येईना.

"सांग त्याला आज काय आहे ते," ती म्हणाली. "बऱ्याच दिवसांनी आलायस."

एमिल रूडीसमोर गुडघ्यांवर बसला.

"आज बुधवार आहे, रूडी. उद्या नाताळ."

"शनिवार," रूडी म्हणाला. "बेलवुड. तेरा-बारा."

"अठरा-तेरा. आपण जिंकलो."

रूडीनं त्याच्याकडे बघितलं, ज्याला ऐकू येत नाही अशा माणसाकडे बघावं तसं. आपला धड हात त्यानं पुढे केला.

"मागे," तो म्हणाला. आणि मग, अकरा वर्षांत कधी न बोललेले शब्द, हळू, पूर्वी मागून बोलायचा त्याच आवाजात, "चल. वाट काढ."

मावशीच्या हातातली वाटी थांबली. एमिलनं पट्टा सोडला, रूडीच्या काखांत हात घातले आणि त्याला उभं केलं. रूडीचं सगळं ओझं त्याच्या छातीवर आलं. पुढे टेबल होतं, आणि टेबलापलीकडे भिंत.